२२ टक्के प्रथिनं, तरीही हगवण: निफाड तालुक्यातल्या एका वराहफार्मचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यात वराहपालनाचा विषय निघाला की अजूनही लोक आवाज खाली आणतात. कांद्याचा भाव, द्राक्षाची छाटणी, पोल्ट्रीचा दर यावर चौकात तासन् तास चर्चा चालते. डुकरांबद्दल मात्र 'तो त्याचा धंदा' एवढंच. परिणाम असा की अडचण आली तर विचारायला शेजारचा शेतकरी नसतो, आणि सल्ला मिळतो तो पोल्ट्री खाद्याच्या दुकानातून. या प्रकरणातली बरीच गडबड तिथूनच सुरू झाली. उपायाला लागणारा बराच मालही तिथेच मिळाला, हेही खरं.

फार्म निफाड तालुक्यातलं. गावाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चालवणारे नवरा-बायको, त्यांना इथे दादा आणि वहिनी म्हणतो. द्राक्षबागेच्या कडेला शेड, तीसेक लार्ज व्हाइट यॉर्कशायर माद्या, हाताखाली दोन गडी. मका अर्धा घरचा, अर्धा येवल्याकडून. सोयाबीन घरच्या शेतातलं, शिवाय पेंड विकतची. शेण-मूत सगळं बागेला जातं.

पूर्वी हे लोक पिल्लांचं दूध दीड महिन्याने तोडत. मग दादांनी हिशेब मांडला. मादीचा गाभणकाळ ११४ दिवस. दूध तोडल्यावर साधारण आठवड्याच्या आत ती माजावर येते. ४५ दिवस पाजलं तर एका विताचं चक्र १६५ दिवसांच्या आसपास जातं, म्हणजे वर्षाला सव्वादोनसुद्धा वितं पुरी होत नाहीत. २८ दिवसांवर तोडलं तर चक्र १४८ दिवसांवर येतं, वर्षाला जवळपास अडीच वितं. हिशेब बिनचूक होता. फक्त २८ दिवसांच्या पिल्लाचं पोट ४५ दिवसांच्या पिल्लासारखं नसतं, हा आकडा त्यात कुठे धरलेला नव्हता.

अडचण

२८ दिवसांवर तोडलेली पहिली तुकडी डिसेंबरात निघाली. पहिले दोन दिवस पिल्लं गप्प, कोपऱ्यात एकमेकांवर चढून पडलेली. तिसऱ्या दिवशी गव्हाणीवर तुटून पडली, तेव्हा घरातल्यांना हायसं वाटलं. चौथ्या-पाचव्या दिवशी पातळ, पिवळट-करडी हगवण सुरू झाली. शेपट्या ओल्या, मागचा भाग माखलेला, डोळे आत गेलेले. आठवड्याभरात काही पिल्लं गेली. त्यातली दोन तर कळपातली सगळ्यात टपोरी होती, रात्री ठीक होती आणि सकाळी मेलेली सापडली.

तिसऱ्या दिवसाचं ते तुटून पडणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आईचं दूध बंद झालं आणि पिल्लू एक-दोन दिवस उपाशी राहिलं की लहान आतड्यातले अन्न शोषणारे बारीक उंचवटे आखडतात. दूध तोडल्यानंतरच्या पहिल्या तीन ते पाच दिवसांत ही झीज सर्वात जास्त असते. अशा आतड्यात अचानक पोटभर सोयापेंड गेली तर ती अर्धवट पचते आणि उरलेलं प्रथिन मोठ्या आतड्यात जाऊन सडतं. त्यातून अमोनिया आणि इतर त्रासदायक द्रव्यं तयार होतात, आणि ई. कोलायसारख्या जिवाणूंना आयतं रान मिळतं.

पहिला उपाय: बाटली

दुकानदाराने 'अमिनो ॲसिड'चं, म्हणजे प्रथिन ज्या घटकांचं बनतं त्या अमिनो आम्लांचं, टॉनिक दिलं. गोड वासाचं, दाट तपकिरी द्रव. लेबलवर वीसेक अमिनो आम्लांची नावं होती, पण कशाचंच प्रमाण छापलेलं नव्हतं. रोज प्रत्येक पिल्लाला १० मिली, खाद्यावर ओतून. दुसऱ्या तुकडीला पहिल्या दिवसापासून हेच दिलं. हगवण तशीच लागली.

इथे एक साधा गुणाकार करून बघण्यासारखा आहे. आठ किलोचं पिल्लू दिवसाला ३०० ग्रॅम खाद्य खातं असं धरू. खाद्यात लायसिन हे अमिनो आम्ल १.२ टक्के हवं, तर त्याला रोज ३.६ ग्रॅम लायसिन मिळायला पाहिजे. टॉनिकमध्ये एक टक्का लायसिन आहे असं उदार मनाने मानलं, तरी १० मिलीतून जेमतेम ०.१ ग्रॅम पोटात जातं. बाटलीत विष नव्हतं आणि फसवणूक होती असंही मी म्हणणार नाही, पण तिचा हिशेब कुणीच केला नव्हता.

त्याहून मोठा प्रश्न असा की ते टॉनिक ओतलं कशावर? २२ टक्क्यांहून जास्त प्रथिनाच्या खाद्यावर. प्रथिन आधीच जास्त झालेल्या पोटात वरून आणखी अमिनो आम्लं टाकून आतडं सुधारत नाही.

तपासणीत काय दिसलं

दादांनी खाद्याच्या सल्ल्यासाठी मला फोन केला तेव्हा तालुक्याच्या पशुवैद्यकांनी काम सुरू केलेलंच होतं. मेलेल्या पिल्लांचं शवविच्छेदन झालं होतं. नमुने पुण्याला, औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवले होते. हगवण म्हणजे ई. कोलायच, असं गृहीत धरून चालत नाही. रोटा विषाणू, कॉक्सिडिया, साल्मोनेला, शिवाय स्वाइन फीव्हर हे सगळं आधी बाजूला काढावं लागतं. कळपाला क्लासिकल स्वाइन फीव्हरची लस झालेली होती. मोठ्या जनावरांत ताप किंवा अंगावर लाल-निळे चट्टे नव्हते. डॉक्टरांनी ताज्या हगवणीला लिटमस कागद लावला, तो निळा झाला. ई. कोलायच्या विषाने होणारी हगवण बहुधा अल्कधर्मी असते, विषाणूमुळे पचन बिघडलं तर ती आम्लाकडे झुकते. हा पुरावा म्हणून पुरेसा नाही, पण दिशा मिळते. पुढे अहवालात ई. कोलायच आला, आणि दुकानातून आणून आधी वापरलेल्या प्रतिजैविकाला तो दाद देत नव्हता.

माझ्याकडे खाद्याचा भाग होता. जुना खुराक असा, १०० किलोला: मका ५०, सोयापेंड २८, घरी भाजलेलं सोयाबीन १२, राइस पॉलिश ८, आणि उरलेले दोन किलो लेअर कोंबड्यांचं खनिज मिश्रण. प्रथिन काढलं तर २२.४ टक्के आलं. दादा म्हणाले, "सर, प्रथिनाला कुठे कमी नाही." बरोबर. पण लायसिन एकूण १.२३ टक्के, आणि त्यातलं पचनीय धरलं तर १.१ च्या खालीच. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेची २०१२ ची शिफारस ७ ते ११ किलोच्या पिल्लाला १.३५ टक्के पचनीय लायसिनची आहे. म्हणजे प्रथिनाचा ढीग आणि त्यातच लायसिनची टंचाई. पुरण कितीही शिजवलं तरी कणीक संपली की पोळ्या तिथेच थांबतात. मका-सोयाच्या खाद्यात डुकरासाठी ती कणीक लायसिन असते, त्यानंतर थ्रिओनिन, मेथिओनिन, ट्रिप्टोफॅन यांचा नंबर. कोंबडीत पहिला नंबर मेथिओनिनचा असतो, म्हणून पोल्ट्रीच्या दुकानातला सल्ला डुकराला जसाच्या तसा लावता येत नाही.

घरच्या सोयाबीनची पाहणी वेगळी करावी लागली. भाजणं चुलीवर, मोठ्या कढईत, गडी हलवणार. डॉक्टरांनी युरिया आणि फिनॉल रेडचं द्रावण भरडलेल्या दाण्यांवर शिंपडलं. दहा मिनिटांत ताटलीभर गुलाबी-लाल ठिपके. विकतच्या पेंडीवर तुरळक पाच-सात. ठिपके जास्त म्हणजे कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज हे विकर जिवंत, म्हणजे भाजणी कच्ची आणि प्रथिन पचू न देणारा ट्रिप्सिनरोधकही शाबूत. वहिनी शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "वरचे दाणे करपतात आणि आतले कच्चे राहतात, हे मी पहिल्यापासून सांगते."

लेअरच्या खनिज मिश्रणात चुनखडी भरपूर असते, अंड्याच्या कवचासाठी ती हवीच. पण लहान पिल्लाच्या जठरात आम्ल मुळात कमी तयार होतं, आणि चुनखडी तेवढंही मारून टाकते. आम्ल कमी पडलं की प्रथिनाचं पचन मंदावतं आणि जिवाणू जठरातून जिवंत पुढे सरकतात.

आणखी एक गोष्ट कोपऱ्यात उभ्या असलेल्या पोत्यामुळे कळली. पिल्लांनी खावं म्हणून गडी वरून मूठभर ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर, म्हणजे कोंबडीच्या लहान पिल्लांचं खाद्य, टाकत होता. पोत्याच्या टॅगवर सॅलिनोमायसिन लिहिलेलं होतं, कोंबड्यांच्या कॉक्सिडियावरचं औषध. आणि दुकानदाराने हगवणीवर टियाम्युलिन हे प्रतिजैविक सुचवलेलं होतं. सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन पोटात असताना टियाम्युलिन दिलं तर डुकरात विषबाधा होते, मागचे पाय जातात, जनावर दगावतं. सुदैवाने ते औषध अजून आणलेलं नव्हतं. ते पोतं त्याच दिवशी शेडबाहेर गेलं.

आणि पाणी. शेडमध्ये निपल होते, स्वच्छ होते, पाणीही येत होतं. वहिनींनी सांगितलं ते असं: "पिल्लू नळीपाशी जातं, नाक लावतं आणि परत येतं. दाबायचं असतं हे त्याला ठाऊकच नाही." आईजवळ असताना ही पिल्लं उथळ पातेल्यातून पाणी पीत होती. एका निपलखाली लोटा धरून मिनिटभर मोजलं तर पाव लिटरही भरलं नाही. या वयाला मिनिटाला अर्धा लिटर तरी हवं. पाणी पोटात गेलं नाही तर खाद्यही जात नाही, मग अमिनो आम्लांचा हिशेब कितीही बारीक करा.

थंडीचं वेगळं सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याही खाली. नुकतं दूध तोडलेल्या पिल्लाला अंगाजवळ २८ अंशांच्या आसपास ऊब लागते. शेडला दिवा होता, पण रात्री वीज गेली की तोही गेला.

कोणते पर्याय समोर होते

पहिला: परत ४५ दिवसांवर जायचं. सर्वात सुरक्षित. दादांना तो नको होता, कारण कर्जाचा हप्ता अडीच वितांच्या हिशेबाने बांधलेला होता.

दुसरा: औषधं. "पूर्वी कोलिस्टिनची पुडी मिळायची, ती टाकली की दोन दिवसांत बंद," असं दादांनी डॉक्टरांना विचारून पाहिलं. जुलै २०१९ पासून केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली आहे, माणसासाठी शेवटच्या फळीतलं औषध म्हणून ते राखून ठेवलं आहे. तो विषय तिथेच संपला. आजारी पिल्लांना काय द्यायचं ते प्रयोगशाळेचा अहवाल पाहून डॉक्टर ठरवतील आणि निरोगी कळपाच्या खाद्यात प्रतिजैविक मिसळायचं नाही, एवढं ठरलं.

तिसरा: झिंक ऑक्साइड. खाद्यात २५०० ते ३००० पीपीएम (दहा लाखात तेवढे भाग) झिंक दोन आठवडे दिलं तर दूध तोडल्यानंतरची हगवण उतरते, हे जगभर अनुभवाला आलं आहे. पण हे झिंक बहुतेक सगळं शेणातून बाहेर पडतं आणि जमिनीत साठत जातं, शिवाय प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू वाढायलाही मदत करतं. या कारणांनी युरोपीय संघाने जून २०२२ पासून औषधी मात्रेतला वापर बंद केला. इथे तर ते शेण थेट द्राक्षाच्या बुडात जात होतं. दादा बागायतदार आधी आणि वराहपालक नंतर, त्यामुळे मला हा मुद्दा त्यांना समजावून सांगावा लागला नाही. तरी डॉक्टरांच्या देखरेखीखाली एकाच तुकडीपुरतं झिंक वापरायचं, त्या तुकडीचं शेण बागेत न टाकता वेगळं साठवायचं आणि पुढे पूर्ण बंद करायचं, असा मधला मार्ग निघाला. मला स्वतःला तो फार पसंत नव्हता. पण तोपर्यंत नव्या खाद्याचं सामान जमलेलं नव्हतं आणि पुढची पिल्लं दारात उभी होती.

चौथा: ग्लुटामिन. आतड्याच्या पेशींचं हे अमिनो आम्ल म्हणजे आवडतं इंधन. खाद्यात एक टक्का ग्लुटामिन दिल्यावर पहिल्या आठवड्यातली आतड्याची झीज कमी होते, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. पण एक टक्का म्हणजे १०० किलोला एक किलो, आणि किंमत ऐकून दादांनी फोन ठेवला. त्या पैशांत दूध पावडर किंवा व्हे (चीज-पनीर काढल्यावर उरणारं दुधाचं पाणी, वाळवून केलेली पावडर) जास्त कामाचं ठरेल असं माझं मत पडलं.

पाचवा: प्रथिन कमी करायचं आणि कमी पडलेली अमिनो आम्लं सुटी विकत घेऊन भरायची. शेवटी हाच रस्ता धरला.

मध्येच महामार्गावरच्या हॉटेलांचं उरलंसुरलं आणायचा विषय निघाला, फुकट प्रथिन म्हणून. २०२० मध्ये देशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर शिरल्यापासून हा विषय फार्मवर काढायचाच नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या रोगावर आपल्याकडे लस नाही, कळपच्या कळप जातो.

नवा खुराक आणि व्हॅलिनची अडचण

सोया ४० किलोवरून २५ वर आणायचा, तोही फक्त नीट शिजलेली विकतची पेंड. उरलेली जागा भरायला घोटीच्या गिरणीवरून तांदळाची कणी मागवली. कणी पिल्लाला सहज पचते आणि तिच्यात तंतू कमी. १०० किलोला मका ४४, बारीक दळलेली कणी १६, सोयापेंड २५, व्हे पावडर ६, फिश मील ३, तेल २. बाकी डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), अगदी थोडी चुनखडी, मीठ, डुकरांसाठीचं व्हिटॅमिन-खनिज प्रीमिक्स, सेंद्रिय आम्ल आणि सुटी अमिनो आम्लं. फिश मीलऐवजी बाजारातली सुकट चालेल का, असं दादांनी विचारलं. तिच्यातलं मीठ किती ते कुणालाच सांगता येत नाही, आणि मीठ जास्त व पाणी कमी ही जोडी डुकराच्या मेंदूवर जाते. म्हणून नको म्हटलं.

हे सगळं मिळून प्रथिन १९ टक्क्यांच्या आसपास आलं. अमिनो आम्लं न घालता पचनीय लायसिन ०.९ टक्के भरत होतं. माझा पहिला आराखडा ते १.३ पर्यंत न्यायचा होता, लायसिन एचसीएल ५०० ग्रॅम घालून. पण लायसिन वर नेलं की बाकीच्यांनाही त्याच्या मागोमाग न्यावं लागतं. लायसिन १०० धरलं तर थ्रिओनिन साधारण ६५, मेथिओनिन आणि सिस्टिन मिळून ५६, ट्रिप्टोफॅन १९ आणि व्हॅलिन ६५ च्या आसपास हवं. पहिली तीन बाजारात मिळत होती, ट्रिप्टोफॅन महाग असलं तरी. अडलं व्हॅलिनवर. सोया कमी केल्यावर व्हॅलिन ०.७५ वर आलं होतं, म्हणजे १.३ लायसिनच्या तुलनेत ५८ टक्केच. पोल्ट्रीच्या नेहमीच्या पुरवठादारांकडे व्हॅलिन नव्हतं, आणि २५ किलोची आख्खी बॅग मागवून ती इतक्या छोट्या फार्मवर वर्षभर पडून राहिली असती.

दोन वाटा होत्या. व्हॅलिन नाही म्हणून सोया पुन्हा वाढवायचा, किंवा लायसिनचं उद्दिष्ट खाली आणायचं. आम्ही लायसिन १.२ वर थांबवलं. व्हॅलिनचं प्रमाण त्यामुळे ६२-६३ पर्यंत आलं, चालण्यासारखं. शिफारशीपेक्षा हे कमी आहे आणि पहिले दोन आठवडे वजनवाढ थोडी मागे राहील, हे दादांना आधीच सांगून ठेवलं. आधी पोट, मग वजन, या क्रमावर त्यांची हरकत नव्हती.

शेवटी १०० किलोला ठरलं ते असं: लायसिन एचसीएल ४०० ग्रॅम, थ्रिओनिन १६०, मेथिओनिन १५०, ट्रिप्टोफॅन ४५. थ्रिओनिनवर मी अडून बसलो होतो. आतड्याच्या आतल्या भिंतीवर जो बुळबुळीत संरक्षक थर असतो, त्यातलं म्युसिन थ्रिओनिनने भरलेलं असतं. खाद्यातल्या थ्रिओनिनचा मोठा वाटा आतडं स्वतःच वापरून टाकतं, स्नायूंपर्यंत उरलेलंच पोचतं. हगवणीत तो थर झडतो आणि गरज आणखी वाढते. पैसे वाचवायला एखादं कमी करायचं झालं तर लोक नेमकं थ्रिओनिन कमी करतात, कारण त्याचं नाव लायसिनइतकं ऐकलेलं नसतं.

अंमलबजावणी

४५ ग्रॅम ट्रिप्टोफॅन १०० किलोत सारखं पसरवणं हे कागदावर सोपं दिसतं. वहिनींनी ते काम आपल्याकडे घेतलं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, चार वेगळे स्टीलचे डबे, प्रत्येकावर मार्करने नाव. मेथिओनिनचा डबा उघडला की सडक्या कोबीसारखा वास येतो, त्यामुळे त्याची अदलाबदल होत नाही. गोंधळ होतो तो ट्रिप्टोफॅन आणि थ्रिओनिनचा. चारही आधी दोन किलो बारीक मक्यात हाताने मिसळायची, ते दहा किलोत, आणि मग मिक्सरमध्ये. फावड्याने ढिगावर कालवायचं नाही.

पाण्यासाठी पहिले चार दिवस उथळ पातेली ठेवली, दिवसातून तीनदा धुऊन. निपल बदलले, आणि पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडात काडी अडकवून थेंब थेंब गळू दिले, म्हणजे पिल्लांना पाणी कुठे आहे ते कळतं. नवं खाद्य कोमट पाण्यात कालवून पेजेसारखं पातळ, थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. तिसऱ्या दिवशीची ती झुंबड यामुळे टळली. आईपाशी असतानाच, दहाव्या दिवसापासून, हेच खाद्य चिमूटभर चाखायला ठेवलं. ऊब राखायला गोणपाटाचे पडदे, लाकडी फळ्यांचा झोपायचा कोपरा वर झाकण घालून, आणि दिव्याला बॅटरीची जोड. दूध तोडायचं वयही २८ वरून ३२ दिवसांवर नेलं. हे चार दिवस दादांनी नाइलाजाने दिले.

हे खाद्य महाग पडतं, यावर घरात वाद झाला. पण एक पिल्लू दोन आठवड्यांत पाचेक किलोच खातं. त्यानंतर व्हे नसलेलं, सोया थोडा वाढवलेलं स्वस्त खाद्य, तेही तीन-चार दिवसांत हळूहळू बदलून. एका मेलेल्या पिल्लाच्या किमतीत या पाच किलोंवरचा जादा खर्च कितीतरी पिल्लांचा निघतो, हे मांडल्यावर वाद मिटला.

निकाल

झिंकवाली तुकडी मध्ये निघून गेली, तिच्यात हगवण कमीच होती. खरी परीक्षा तिच्या पुढच्या, झिंक नसलेल्या तुकडीची. तिच्यात काही पिल्लांची शी दोन-तीन दिवस पातळ झाली, पण पाण्यासारखी हगवण मोजक्याच पिल्लांना लागली. इलेक्ट्रोलाइटच्या पाण्यावर ती सावरली, एकही गेलं नाही. पहिल्या दोन आठवड्यांची वजनवाढ सांगितल्याप्रमाणे बेताचीच राहिली. दोन महिन्यांच्या वयाला मात्र कप्पा एकसारखा दिसत होता. पूर्वी प्रत्येक कप्प्यात तीन-चार मरतुकडी पिल्लं मागे राहायची, तशी राहिली नाहीत. व्यापाऱ्याला एकसारखा माल लागतो, त्यामुळे दादांना हा फरक वजनापेक्षा मोलाचा वाटला. शेडमधला डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वासही उतरला. प्रथिन कमी गेलं की मुतातून नत्र कमी जातं, त्याचा हा परिणाम.

गावात बातमी पसरली ती 'लायसिनने हगवण थांबली' अशी. माझा यावर विश्वास नाही. एकाच वेळी सोया, भाजणी, चुनखडी, पाणी, ऊब, वय आणि अमिनो आम्लं एवढं सगळं बदललं. कुणाचं श्रेय किती, हे या तुकडीवरून कुणीच सांगू शकणार नाही.

एक धागा तेवढा हाती लागला, तोही योगायोगाने. मार्चमध्ये पुरवठादाराकडे व्हे आणि थ्रिओनिन दोन्ही संपलं. गड्याने विचारलं नाही आणि सोया पुन्हा ३५ वर नेला. पाणी, पातेली, पेज, वय सगळं तसंच होतं, थंडीही सरली होती. त्या तुकडीत हगवण परत दिसली, डिसेंबरइतकी वाईट नाही, पण दिसली. यावरून सोया कमी करण्याचा वाटा बराच असावा असं मला वाटतं. आणि पाणी-ऊब नीट असेल तर खाद्य बिघडूनही पिल्लं मरत नाहीत, असंही.

वेगळं काय करता आलं असतं

दूध तोडायचं वय ४५ वरून एकदम २८ वर आणण्याऐवजी दोन-तीन तुकड्यांत पायरीपायरीने आणता आलं असतं, आणि ते उन्हाळ्याच्या तोंडावर. थंडी, नवं वय आणि कच्चं सोयाबीन हे तिन्ही एकाच महिन्यात एकत्र आलं.

दुसऱ्या तुकडीला टॉनिक देताना एक कप्पा टॉनिकशिवाय ठेवला असता तर फरक पडत नाही हे आठवड्यात कळलं असतं आणि एक तुकडी वाचली असती. नव्या खुराकाच्या वेळीही एका कप्प्याला तोच जुना खुराक, पण नवं पाणी आणि ऊब, असं करायला हवं होतं का, यावर डॉक्टरांचं आणि माझं एकमत नाही. त्यांच्या मते मरणाऱ्या पिल्लांवर प्रयोग करू नये. माझ्या मते एका कप्प्याने पुढची दोन वर्षं उत्तर दिलं असतं.

झिंकची तुकडी टाळता आली असती का? कणी आणि व्हे आठवडाभर आधी मिळालं असतं तर, हो. साठवलेलं ते शेण अजून शेडमागे खड्ड्यात आहे आणि त्याचं करायचं काय, हे ठरलेलं नाही.

घरचं सोयाबीन आता पिल्लांना अजिबात जात नाही. वहिनी भाजलेल्या प्रत्येक घाण्यातली मूठभर भरड त्या द्रावणाने तपासतात आणि पास झालेलं फक्त माद्यांच्या खाद्यात घालतात. द्रावणाची बाटली मेथिओनिनच्या डब्याशेजारीच असते. दादा आता पुढच्या हंगामात दोन शेजारच्या तालुक्यांतल्या वराहपालकांबरोबर मिळून व्हॅलिनची एक बॅग मागवायचं बघताहेत. ती आली तर लायसिन १.३ वर नेऊन पाहायचं आहे, पण एकाच कप्प्यात.